पत्र्याच्या गोडाऊनमध्ये बेदाण्याला जाळी: कामगंध सापळे भरतायत, पण अळी हटत नाही

सावळज_बेदाणा

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये १५ किलोचे ४०० बॉक्स आहेत, म्हणजे ६ टन माल. हिरवा बेदाणा, मार्चमध्ये नेटिंग (जाळीवर काडी-कचरा काढणं) आणि प्रतवारी करून आतल्या निळ्या पिशवीसह बॉक्समध्ये भरलेला. बाकीचा माल कोल्ड स्टोरेजला लावला, हा दर बघून विकायचा म्हणून बाहेर ठेवला.

मे अखेरपर्यंत काही दिसलं नाही. जुलैपासून काही बॉक्समध्ये पिशवीच्या घडीत पांढरी जाळी, जाळीत अडकलेले तांबूस बारीक कण आणि पांढरट, तपकिरी डोक्याची अळी दिसते. संध्याकाळी दिव्याजवळ छोटे पतंग वेडेवाकडे उडतात. पुढचा अर्धा पंख फिका आणि मागचा तांब्याच्या रंगाचा. भिंत आणि पत्रा जिथे मिळतात तिथे वरच्या कोपऱ्यात कोष चिकटलेत.

१००० चौरस फुटांत सहा डेल्टा सापळे लावलेत, ल्युअर (गंधाचं आमिष) साठवणुकीतल्या पतंगाचाच आहे. चिकट कागद रोज भरतो, तरी जाळीचे बॉक्स वाढतच चाललेत. त्याच गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या सालचा न विकलेला काळा बेदाणा, प्रतवारीतून निघालेल्या काडी-कचऱ्याची पोती आणि घरची थोडी ज्वारी आहे.

विचारायचं असं: हा पतंग कोणता? सापळे वाढवले तर अळी कमी होईल का? प्रत्येक बॉक्समध्ये सेल्फॉसची एकेक गोळी टाका असं एकाने सुचवलंय, ते चालेल का? आणि हा माल आता कोल्डला लावला तर अळी मरेल का?

---

कोठार_कीड

आधी गोळीचं. बॉक्समध्ये गोळी अजिबात टाकू नका. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, ते खाण्याच्या मालाला थेट लागता कामा नये, आणि बंद बॉक्समधून निघणारा वायू शेवटी बॉक्स उघडणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. या विषबाधेवर उतारा नाही. धुरी देता येते, पण तिची रीत वेगळी आहे, त्यावर खाली कुणी जाणकार लिहीलच.

पंखाचं वर्णन स्पष्ट आहे. हा प्लोडिया इंटरपंक्टेला, जगभर सुकामेवा, धान्याचं पीठ आणि दाण्यांत सापडणारा पतंग. बसलेला असताना लांबी ८ ते १० मिमी, पंख पसरले तर १६ ते २० मिमी. पुढच्या पंखाचा डोक्याकडचा एक तृतीयांश भाग राखाडी-फिका आणि उरलेला तांबूस, हीच खरी खूण. दिव्यावर फार उडालेल्या पतंगाचे खवले झडतात आणि तो सगळाच करडा दिसतो, म्हणून ओळख पटवताना ताजा, भिंतीवर बसलेला पतंग घ्या.

तरी अळी एकदा भिंगाखाली बघा. प्लोडियाच्या अळीच्या अंगावर केसांच्या बुडाशी काळे ठिपके नसतात. अंग एकसारखं पांढरट, कधी गुलाबी किंवा हिरवट झाक असलेलं. ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर तो बदामी पतंग, म्हणजे कॅड्रा कॉटेला. उपाय जवळपास तेच, ल्युअरही दोघांना तोच चालतो. ज्वारीत मात्र तांदळावरचा पतंग कॉर्सायरा असू शकतो. तो एकसारखा मातकट असतो आणि या ल्युअरला येत नाही.

आता जुलैच का, ते समजून घ्या, कारण उपायाची वेळ त्यावरच ठरते. मादी १०० ते ३०० अंडी घालते, तीही मालावर किंवा मालाच्या वासाजवळच्या फटीत. पतंगाला खायला तोंडच चालत नाही, तो आठ-पंधरा दिवस जगून अंडी घालून मरतो. नुकसान सगळं अळीचं. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला, कोंड्यासारख्या पौष्टिक खाद्यावर, अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण चार आठवडे लागतात. बेदाण्यात साखर भरपूर पण प्रथिनं कमी, त्यामुळे वाढ सावकाश होते आणि मरही जास्त असते. म्हणून मार्चमध्ये शिरलेल्या मोजक्या अंड्यांचं पहिलं पीक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा ४० च्या आसपास जातो. ३५ च्या पुढे या पतंगाची वाढ आणि अंडी घालणं दोन्ही बिघडतं. जूनचा पाऊस पडला की गोडाऊन २५ ते ३० अंशांवर येतं, हवा दमट होते, आणि उन्हाळ्यात तगलेल्यांना हवं ते मिळतं. जुलै-ऑगस्टला तुम्हाला दिसते ती दुसरी-तिसरी पिढी.

तुमच्या माहितीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मागचा कोपरा. जुना काळा बेदाणा आणि काडी-कचऱ्याची पोती म्हणजे पतंगाचं बारमाही घर. पूर्ण वाढलेली अळी खाद्य सोडून चालत निघते, भिंत चढते आणि फटीत कोष करते. वरच्या कोपऱ्यात तुम्हाला दिसतात ते हेच. थंडी आणि दिवस लहान झाले की यातल्या काही अळ्या कोष न करता सुप्तावस्थेत जातात. फेब्रुवारी-मार्चला ऊब आली की त्यातून पतंग निघतात, नेमक्या त्याच वेळी तुमचा नवा माल त्याच छपराखाली येतो. ती पोती तिथे आहेत तोवर पुढच्या साली हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

---

गंधसापळा_मिरज

सापळ्यांबद्दल मी लिहितो, कारण यात पैसा सगळ्यात जास्त वाया जातो.

ल्युअरमध्ये मादीचा गंध असतो, त्यावर फक्त नर येतो. अंडी घालणारी मादी तुमच्या चिकट कागदावर येतच नाही. आणि एक नर अनेक माद्यांशी जुळतो. दहातले आठ नर पकडले तरी उरलेले दोन सगळ्या माद्यांना पुरतात. म्हणून गर्दी वाढलेली असताना कागद कितीही भरला तरी अळीवर परिणाम दिसत नाही. सापळ्याचं काम मोजणी करणं आणि कीड कुठून येते ते दाखवणं, एवढंच धरून चाला.

१००० चौरस फुटांना दोन सापळे पुरे, फार तर तीन. जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंच, थप्पीच्या वर नाही तर बाजूला, आणि दारापासून निदान पाच मीटर आत. दारात टांगलेला सापळा बाहेरचे नर आत ओढतो आणि तुमचा आकडा फसवतो. सापळ्याला नंबर द्या, गोडाऊनचा कच्चा नकाशा काढा, दर सात दिवसांनी ठरलेल्या वारी मोजून नकाशावर लिहा आणि मोजलेले पतंग काढून टाका किंवा कागद बदला. ज्या सापळ्यात सतत जास्त पडतात त्याच्या आसपास उगम आहे. शंका असेल तर तो सापळा तीन-चार मीटर सरकवून आकडा वाढतो की घटतो ते बघा. तुमच्याकडे मागच्या कोपऱ्याजवळचा आकडा सगळ्यात मोठा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. ल्युअर चार ते सहा आठवड्यांत कमकुवत होतो (पाकिटावर मुदत वेगळी असेल तर ती पाळा). पत्र्याखालच्या उन्हात तो त्याआधीच संपतो. मग सापळा रिकामा दिसतो आणि माणूस समजतो कीड गेली. प्रतवारीची धूळ बसली की कागदाचा चिकटपणा जातो. मशीन चालू असेल त्या दिवशी सापळा झाकून ठेवा. न वापरलेले ल्युअर बंद पाकिटात डीप फ्रीझरमध्ये ठेवा. ल्युअरला हात लावलेला हातमोजा कोपऱ्यात टाकू नका, पतंग त्याच्यावरच घिरट्या घालतात.

याच गंधाचा दुसरा वापर आहे, नर-मादीची भेटच चुकवण्याचा. गंधाचे डिस्पेन्सर ठरावीक अंतरावर लावून हवेत इतका वास भरायचा की नराला मादी सापडू नये. बंद, टापटीप कोठारात आणि पतंग कमी असताना तो चालतो. पत्र्याच्या फटींतून बाहेर जुळलेली मादी आत येत असेल तर उपयोग नाही, कारण तिला नराची गरज उरलेली नसते. तुमच्या गोडाऊनला आत्ता मी तो सुचवणार नाही.

---

कवठे_व्यापारी

आमच्या भागात बरेच जण भिंतीला आणि बॉक्सवरून डायक्लोरव्हॉस मारतात. पतंग तासाभरात खाली पडतात. तो उपाय का नको?

---

कोठार_कीड

डायक्लोरव्हॉसवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कपाटात जुनी बाटली असेल तरी ती वापरायची नाही. आणि खाली पडतात ते उडणारे पतंग, ज्यांनी बहुतेक अंडी आधीच घातलेली असतात. पिशवीच्या आतल्या अळीपर्यंत तो पोचत नाही. खोक्यातून आत झिरपलेला अंश मात्र मालात राहतो, आणि खरेदीदाराने नमुना तपासायला पाठवला तर अख्खा लॉट परत येतो.

गोडाऊन पूर्ण रिकामं असताना भिंती आणि फटींसाठी धान्य गोदामांत डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी वापरतात: लिटरला ४० ग्रॅम, १०० चौरस मीटर भिंतीला ३ लिटर द्रावण. ही फवारणी रिकाम्या जागेची. माल आत असताना नाही, बॉक्सवर तर मुळीच नाही. आणि झाडलोट न करता मारली तर धुळीवर बसून वाया जाते.

---

धुरी_ऑपरेटर

फॉस्फिनबद्दल, म्हणजे या गोळ्यांतून सुटणाऱ्या विषारी वायूबद्दल. पहिली गोष्ट, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांनी धुरी देणं हे परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरचं काम आहे. शेतकऱ्याने किंवा हमालाने स्वतः करायचं नाही. खालचं लिहितोय ते यासाठी की तुम्ही ऑपरेटर बोलावला तर तो काम नीट करतोय का, हे तुम्हाला ओळखता यावं.

३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन सुटतो. धान्याच्या थप्पीवर कव्हर टाकून धुरी देताना टनाला ३ गोळ्या हे गोदामांतलं रूढ प्रमाण. सुक्या मेव्याला लेबलवर दिलेलं प्रमाण बघून ऑपरेटर ठरवेल. पण खरं सांगायचं तर धुरी फसते ती गोळ्या कमी पडल्यामुळे क्वचित, गळती आणि घाई यांमुळे कायम. तुमच्यासारख्या पत्र्याच्या गोडाऊनला अख्खं सील करता येत नाही, पन्हाळींच्या खालून वायू निघून जातो. म्हणून थप्पी पॅलेटवर रचायची, खाली जमिनीवरही कव्हर अंथरायचं, वर वायू न सोडणारं जाड कव्हर टाकायचं, आणि कडा वाळू भरलेल्या लांब पिशव्यांनी एकावर एक चढवून दाबायच्या. फक्त विटा ठेवलेल्या दिसल्या तर काम तिथेच थांबवा. फाटकी ताडपत्रीही चालणार नाही.

गोळ्या ट्रेमध्ये, एकमेकींवर न चढता, बॉक्सला न टेकता ठेवायच्या. पाणी लागलं तर पेट घेतात, म्हणून पावसाळ्यात छत गळत नाही ना ते आधी बघायचं. अंडं आणि कोष या दोन अवस्था फॉस्फिनला सगळ्यात कमी दाद देतात. वायू जास्त दिवस टिकला तर अंड्यातून अळी बाहेर येते आणि मग मरते. म्हणून २५ अंशांच्या वर किमान ५ दिवस, आणि मी तर पावसाळ्यात ७ दिवसच सांगेन. १५ अंशांच्या खाली धुरी देऊच नये, त्यामुळे आधी कोल्डला लावून मग कोल्डमध्ये धुरी हा उलटा क्रम आहे. तीन दिवसांत कव्हर काढणारा ऑपरेटर उडणारे पतंग मारतो, अंडी ठेवतो. महिन्याभराने पुन्हा जाळी आली की सगळे म्हणतात कीड गोळीला दाद देत नाही. दाद न देणाऱ्या किडी आहेत हे खरं, पण आधी दिवस मोजा. अपुरी धुरी पुन्हा पुन्हा दिली तर प्रतिकारशक्ती त्यातूनच तयार होते.

निळ्या पिशवीचा मुद्दा राहिला. पातळ पॉलिथिनमधून फॉस्फिन हळूहळू आत जातो, घडी घातलेली पिशवी अडथळा करत नाही. उष्णतेने पूर्ण सील केलेली जाड पिशवी असेल तर वेळ वाढवावा लागतो. आणखी एक: फॉस्फिन तांब्याला खातो. कव्हरखाली वजनकाटा, वायरिंगचं बोर्ड, मोटर राहू देऊ नका.

कव्हर काढल्यावर दारं उघडून हवा खेळू द्या आणि मीटरवर वायू ०.३ पीपीएमच्या खाली आल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका. वासावर भरवसा ठेवायचा नाही. गोडाऊनला लागून राहती खोली असेल तर धुरी संपून हवा मोकळी होईपर्यंत ती रिकामीच हवी, याला अपवाद नाही. ट्रेमधली उरलेली राखाडी पूड ऑपरेटरने मोजून परत न्यायची.

धुरी उतरली की संरक्षणही संपलं. फॉस्फिन मागे काही ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या पोत्यातून मादी निघाली तर ती त्याच थप्पीवर अंडी घालेल.

---

थंडी_आणि_बेदाणा

कोल्डबद्दल लिहितो, कारण "कोल्डला लावला की अळी मेली" ही समजूत सांगली-तासगाव पट्ट्यात पक्की आहे.

साधारण १५ अंशांच्या खाली या पतंगाची वाढ थांबते. बेदाण्याच्या कोल्डमध्ये ४ अंशांच्या आसपास अळी खात नाही, जाळी वाढत नाही, म्हणून माल जसा लावला तसा राहतो. पण थांबणं आणि मरणं यांत फरक आहे. या तापमानाला मर आठवड्यांच्या हिशेबाने होते. अंडी आणि लहान अळ्या आधी जातात, सुप्तावस्थेतली मोठी अळी फार काळ तग धरते. किडका माल दिवाळीपूर्वी थोड्या दिवसांसाठी कोल्डला लावून बाजारात काढला तर ती अळी अडत्याच्या दुकानात पुन्हा हलू लागते.

मारायचंच असेल तर उणे १८ अंश. मालाच्या मधोमध ते तापमान पोचल्यावर काही तासांत सगळ्या अवस्था मरतात. अडचण "मधोमध" या शब्दात आहे. १५ किलोचा बॉक्स, आत पिशवी, बाजूला दुसरे बॉक्स: गाभा उतरायला दिवस लागतात. म्हणून दोन बॉक्सच्या मध्ये बोटभर हवेची जागा, भिंतीपासून अंतर, आणि एका बॉक्सच्या मध्यभागी सळईचा तापमापक. साध्या डीप फ्रीझरमध्ये एक-दोन बॉक्स ठेवणाऱ्यांनी पूर्ण ७ दिवस ठेवावेत. ६ टनांसाठी एवढी जागा आणि विजेचा खर्च जमेल का ते तुम्ही बघा. हातविक्रीचा निवडक माल असेल तर मला हाच उपाय सगळ्यात स्वच्छ वाटतो, कारण मालात काही उरत नाही.

उलट बाजूला ऊब. मालाचं तापमान ५० अंशांवर तासाभरापेक्षा जास्त राहिलं तर कुठलीच अवस्था जगत नाही, पण हिरव्या बेदाण्याचा रंग त्यात तपकिरीकडे झुकतो आणि दर जातो. रिकामी यंत्रं, पॅलेट, जाळ्या यांना ऊब द्या, मालाला नको.

लहान पाकिटांसाठी हवाबंद पिशवी आणि ऑक्सिजन शोषणारी पुडी चांगली. आतला ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली गेला आणि खोलीत पंचविशीच्या वर ऊब असेल तर दोन आठवड्यांत काम होतं. थंड खोलीत ठेवलेल्या अशा पिशवीत कीड श्वासच कमी घेते, मग मरायला फार वेळ लागतो. अर्ध्या किलोच्या पाकिटांत विकणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

---

प्रयोगशाळा_नोंद

या पतंगावर संशोधन खूप झालंय, आणि त्यातल्या काही गोष्टींचा तुमच्या गोडाऊनशी थेट संबंध आहे.

ल्युअरमधलं मुख्य संयुग १९७१ मध्ये ओळखलं गेलं, आणि तेव्हाच लक्षात आलं की प्लोडिया आणि बदामी पतंग या दोघांच्या माद्या तेच संयुग सोडतात. म्हणून एका ल्युअरवर दोन्ही येतात. सापळ्यातला आकडा कोणत्या पतंगाचा, हे पंख बघूनच ठरवावं लागतं.

दुसरं, जैविक म्हणून बेदाण्यावर बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध) मारायचा विचार कुणाच्या मनात असेल तर हे वाचा. १९८५ मध्ये मॅकगॉही या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की बीटी मिसळलेल्या धान्याच्या कोठारांतल्या प्लोडियात त्याविरुद्ध प्रतिकार तयार होतो. प्रयोगशाळेत दोन पिढ्यांत तो सुमारे ३० पट झाला आणि १५ पिढ्यांनंतर १०० पटीला टेकला. बीटीला कीटक दाद देईनासा होतो, याचा हा पहिला ठोस पुरावा होता, आणि तो मिळाला याच पतंगात. कारण साधं आहे: बंद कोठारात एकाच खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या तीच कीड, बाहेरून नवं रक्त नाही. फॉस्फिनलाही हाच हिशेब लागू पडतो.

तिसरं, निळी पिशवी. या अळीचे जबडे पातळ पॉलिथिन कुरतडतात. २०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी तिच्या आतड्यातून पॉलिथिन विघटित करणारे जिवाणू वेगळे केले. अळी पिशवीवर जगते असा याचा अर्थ नाही, पण पिशवी आहे म्हणून माल सुरक्षित हे गृहीत धरू नका. नुकती निघालेली अळी तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान भोकातून आत शिरते. पिशवीला फक्त घडी घालून बॉक्सवर टेप मारला की तिच्यासाठी रस्ता मोकळाच असतो. तोंड पिळून बांधलं किंवा उष्णतेने सील केलं तर बाहेरून येणारी लागण खूप घटते. आतून आलेल्या भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतात, बाहेरून पडलेल्या भोकाच्या आत. बॉक्स उघडताना एवढं बघितलंत तर कीड पॅकिंगच्या आधी शिरली की नंतर, हे कळेल.

---

सावळज_बेदाणा

सगळ्यांचे आभार. भिंगाखाली बघितलं, अळीच्या अंगावर ठिपके नाहीत. सापळ्यांचे आकडे वेगवेगळे मांडले तर मागच्या कोपऱ्याजवळचाच मोठा आहे.

दोन गोष्टी अजून. खिडकीच्या काचेवर दोन-तीन मिमीच्या बारीक तपकिरी गांधिलमाशीसारख्या माश्या दिसतात. आणि काही बॉक्समध्ये जाळी नाही, पण बेदाण्यावर पांढरे बारीक खडे आहेत. ही अंडी असतील का? माल वेगळा कसा करू आणि कामाचा क्रम काय ठेवू?

---

कोठार_कीड

पांढरे खडे म्हणजे बहुतेक साखर. बेदाणा जुना झाला किंवा ओलावा-उष्णता वरखाली झाली की साखर बाहेर येऊन स्फटिक होतात. एक खडा कोमट पाण्याच्या थेंबात टाका, विरघळला तर साखर. अंडं विरघळत नाही, आणि अंडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढी असतात. अळीची विष्ठा तांबूस गोल कणांसारखी, जाळीत गुंफलेली. साखर आलेला बॉक्स किडका म्हणून फेकू नका.

त्या बारीक माश्या ब्रॅकॉन असाव्यात, हॅब्रोब्रॅकॉन हेबेटर. मोठ्या अळीला दंश करून बधिर करते आणि तिच्यावर अंडी घालते. ट्रायकोकार्डसाठी (मित्रकीटकाच्या अंड्यांचं कार्ड) कॉर्सायरा पाळणाऱ्या प्रयोगशाळांत हीच माशी डोकेदुखी असते, तुमच्याकडे मात्र ती कामाची. तिच्या भरवशावर माल मात्र सोडता येणार नाही. ती दिसते याचा अर्थ आसपास अळ्या भरपूर आहेत.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी मागचा कोपरा. काडी-कचऱ्याची पोती बंद प्लास्टिकमध्ये घालून त्याच दिवशी गोडाऊनपासून लांब नेऊन जाळा किंवा खोल पुरा. उकिरड्यावर ओतलात तर पतंग परत येतील. जुना काळा बेदाणा विकण्याजोगा असेल तर तो धुरीच्या थप्पीत घ्या, नसेल तर त्यालाही कचऱ्याची वाट दाखवा. ज्वारी घरी न्या, उन्हात वाळवून वेगळ्या कोठीत भरा.

मग बॉक्स उघडून बघा, पण गोडाऊनच्या आत नको. बाहेर, पांढऱ्या कापडावर, दिवसाउजेडी. पिशवीची घडी, बॉक्सच्या तळाचे कोपरे आणि टेपची आतली बाजू या तीन जागा आधी. काहीच नाही तो माल एका बाजूला. फक्त घडीत जाळी आणि वरचा थर खराब तो दुसऱ्या बाजूला. वरचा थर काढून टाकून बाकीचा धुरीनंतर पुन्हा नेटिंग आणि प्रतवारीतून काढायचा. खोलवर जाळी आणि विष्ठा असलेला माल खाण्यासाठी विकायचा नाही, आणि चांगल्यात मिसळायचा तर नाहीच. एक किलो किडक्या मालापायी अख्ख्या थप्पीचं नाव जातं.

वेगळा केलेला माल धुरीच्या थप्पीत लागल्यावर, कव्हर चढायच्या आधी, गोडाऊनची सफाई. झाडूने कोष फटीत ढकलले जातात, व्हॅक्यूमने ओढून घ्या: वरचे कोपरे, पत्र्याच्या पन्हाळी, वायरिंगची पट्टी, लाकडी पॅलेटच्या भेगा, प्रतवारी मशीनच्या पट्ट्याखालचा चुरा. व्हॅक्यूमची पिशवी लगेच जाळायची. फटी सिमेंटने बुजवा, दाराखाली ब्रशची पट्टी लावा, खिडकीला बारीक जाळी. रिकामे बॉक्स आणि जुन्या पिशव्या आत साठवू नका. मग धुरी, आणि धुरी उतरल्याबरोबर माल कोल्डला. भिंतीची फवारणी माल निघून गोडाऊन रिकामं झाल्यावर.

दोन सापळे राहू द्या. धुरीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पतंग पडले तर फटींतले कोष उरलेत. चार-पाच आठवड्यांनी एकदम आकडा चढला तर धुरीतून अंडी वाचलीत.

---

थंडी_आणि_बेदाणा

कोल्डमधून माल काढतानाचं एक राहिलं. ४ अंशांवरचा बॉक्स पावसाळी हवेत एकदम उघडला तर बेदाण्यावर पाणी सुटतं. ओलावा १६ टक्क्यांच्या वर गेला की चिकटपणा, साखर आणि बुरशी, सगळं मागोमाग येतं. बॉक्स बंदच ठेवून चोवीस तास सावलीत राहू द्या, हाताला गार लागेनासा झाला की मगच पिशवी उघडा. सौद्याला जेवढा लागेल तेवढाच काढा. एकदा बाहेर आलेला उरलेला बॉक्स त्याच थप्पीत परत लावू नका, तो वेगळा ठेवा.